वाजता गुडघा

माझा उजवा गुडघा वाजतो हा शोध मी लावलेला नाही. तो बाजारातल्या एका धान्यवाल्यानं लावला, आणि स्वतःपाशी ठेवायचा सोडून साऱ्या व्यापाऱ्यांत वाटला. मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानात अचानक जायचं, तराजू तपासायचा, उकिडवं बसून पारड्याच्या बुडाला मेणाचा गोळा किंवा लोहचुंबक चिकटवलंय का ते बघायचं, हे माझं काम. त्यात सगळी मजा त्या 'अचानक' शब्दात आहे. गेलं वर्षभर मी कुठंही गेलो तरी तराजू इतके सरळ, इतके सज्जन, की मला वाटलं आपल्या धाकानं बाजार सुधारला. साहेबांना मी तसं सांगितलंही. मग एक दिवस धान्यवाल्याच्या दुकानाशेजारी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि आतून आवाज आला, "कट् वाजलं रे. मेण काढ."

गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. दुखणं ही माणसाची खाजगी बाब. ती मी निमूटपणे सोसत होतो आणि बायकोला तासातासाला सांगत होतो. पण वाजणं ही सार्वजनिक गोष्ट झाली. वाकवला की कट्, सरळ केला की कट्, जिना चढताना तर पायरीगणिक. दुसऱ्यांना काटा मारताना पकडण्यात माझी हयात गेली, आणि शेवटी माझ्याच गुडघ्यानं मला काटा मारला. तोही व्यापाऱ्यांशी संगनमत करून.

ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. कोणी घातली ह्याबद्दल माझा संशय आहे, पण पुरावा नाही. साहेबांनी बोलावून फार गोड आवाजात सांगितलं की वयोमानानं असं व्हायचंच, आपण तुम्हाला अभिलेख कक्षात बसवू. अभिलेख कक्ष म्हणजे आमच्या कार्यालयाच्या तळघरातली एक खोली. तिथं जप्त केलेली खोटी वजनं आणि जुने कागद एकमेकांच्या अंगावर पडून कुजतात. आमच्यातला एक निरीक्षक कंबर धरली म्हणून तिथं 'तात्पुरता' गेला होता. तो आता दुपारी डबा खायला वर आला की उजेडात डोळे चोळतो, आणि कोणी हाक मारली तर दचकतो. मी म्हणालो, साहेब, गुडघा दुरुस्त करून घेतो. साहेब म्हणाले, बदल्यांच्या आत करा. म्हणजे प्रश्न नुसता गुडघ्याचा राहिलाच नव्हता. ऐन पन्नाशीत मी माणसांत राहायचं की उंदरांत, असा तो होता.

आता गुडघा दुरुस्त करायचा तर कोणावर तरी विश्वास ठेवावा लागणार, आणि ती सवय मला नाही. मी आधी गेलो ते काचेच्या इमारतीतल्या मोठ्या डॉक्टरांकडे. दारातच एका मुलीनं मला 'सर' म्हटलं. पहिल्या भेटीत जो सर म्हणतो त्याचा तराजू मी नेहमी आधी तपासतो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला न धरला आणि म्हणाले, सांध्यातली गादी झिजलीय, हाडाला हाड घासतंय, सांधा बदलून टाकू, आणि डावाही लगेहाथ करून घेऊ. मी म्हटलं, डावा दुखत नाही. ते म्हणाले, दुखेल. एक किलो मागितलं की दोन किलो बांधायला घेणारा दुकानदार मी चांगला ओळखतो, म्हणून मी उठलो. उठताना गुडघा वाजला. डॉक्टर हसून म्हणाले, ऐकलंत ना? जणू त्यांनीच आतून कळ दाबली होती.

दुसरे डॉक्टर जुन्या गल्लीतले, शब्दांचे भलतेच कंजूष. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, मला खोलीत चालवलं आणि म्हणाले, "एवढ्यात नको. वजन उतरवा, व्यायाम करा, मग बघू." मी आणखीच सावध झालो. हाती आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी जन्मात पाहिलेला नाही. एक तर ह्या माणसाला ऑपरेशन येत नसणार, नाहीतर माझं प्रकरण इतकं बिघडलेलं असणार की तो ते अंगाला लावून घेत नाही. वजन उतरवा म्हणाले तेव्हा माझी नजर कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर गेली. त्यावर कोणी उभं नव्हतं, तरी तो दोन किलो दाखवत होता. मी हे शांतपणे निदर्शनास आणून दिलं. डॉक्टर म्हणाले, "मग दोन किलो उतरलंच तुमचं. सुरुवात चांगली आहे." असल्या माणसाच्या हातात सुरी कशी द्यायची?

घरी आलो तर शेजारी वाटच बघत होते. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी मागे गुडघा बदलून घेतला, तेव्हापासून सगळी इमारत त्यांना स्टीलमास्तर म्हणते. हे गृहस्थ भेटतील तिथं, म्हणजे जिन्यात, गेटपाशी, एकदा तर लिफ्टच्या दुरुस्तीवर भरलेल्या सभेत, विजारीचा पाय वर करून टाक्यांची रेघ दाखवतात आणि समोरच्याला बोटानं टकटक वाजवायला लावतात. ते म्हणाले, काचेच्या इमारतीतच जा, डोळे मिटून जा. मी विचारलं, मी गेलो तर तुम्हाला तिथं काय मिळतं? ते दोन दिवस बोलले नाहीत. बायको म्हणाली, फुकट सल्ला देणाऱ्यावरही संशय घ्यायचा म्हणजे कमाल झाली तुमची. मी म्हटलं, फुकट देणाऱ्यावर तर पहिला घ्यावा.

तळमजल्यावरच्या काकूंचं मत नेमकं उलटं. ऑपरेशनचं नाव काढू नका, त्या म्हणाल्या. त्यांच्या चुलतदिरानं केलं, तर एक पाय लांब झाला. किती लांब, मी धंद्याच्या सवयीनं विचारलं. काकूंनी बोटांनी अंतर दाखवलं. पुन्हा विचारलं तेव्हा ते वाढलं होतं. मग त्यांनी घरी उकळलेल्या काळ्या तेलाची बाटली माझ्या हातात कोंबली. बूच उघडल्याबरोबर जळक्या रबरासारखा असा भपकारा आला की मी बाटली बाल्कनीत नेऊन ठेवली आणि काकूंना दर भेटीत 'फरक वाटतोय' म्हणून सांगत राहिलो.

कार्यालयाचं तर विचारूच नका. आमच्या खात्याचा नियम असा, की तराजूचा कुठलाही भाग बदलला तर त्याची फेरपडताळणी करून नवी मुद्रा उठवावी लागते. रजेची चौकशी करायला गेलो तर आस्थापनेवरच्या कारकुनानं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, निरीक्षकाचा भाग बदलला तर काय करायचं? मी म्हटलं, मी तराजू नाही. तो म्हणाला, तसं नियमात कुठं म्हटलेलं नाही. त्यानं प्रश्न मार्गदर्शनासाठी वर पाठवला. तो अजून वरच आहे. मुद्रा नक्की कुठं उठवायची ह्यावर वरचे लोक विचार करत असतील ह्या कल्पनेनं मला नीट झोप लागत नव्हती.

ह्या सगळ्यात मी 'करू की नको' अशा अवस्थेत बाल्कनीत बसून असायचो. अशाच एका संध्याकाळी, गुडघा न हलवता अगदी गप्प बसलेलो असताना, स्वयंपाकघरातून बायकोचा फोन कानावर आला. ती तिच्या थोरल्या बहिणीशी बोलत होती.

"एक वाटी तर गेलीच आहे, ताई. दुसरी जायच्या वाटेवर आहे... नाही, ह्यांना नाही सांगितलं. सांगून काय, आधी साऱ्या जगावर संशय घेत बसतील... बदलूनच घेईन म्हणते. धातूचीच असते म्हणे, वीस वर्षं बघायला नको."

माझे कान टवकारले. वाटी गेली! माझ्या घरातून वस्तू जातात आणि मला, वजनमापाच्या निरीक्षकाला, सांगायचं नाही. एक गेली आणि दुसरी जायच्या वाटेवर, म्हणजे जाणारी माहीत आहे, नेणाराही माहीत असणार, आणि त्याला पाठीशी घातलं जातंय. आमच्या स्वयंपाकघरात वाट्यांना हात लावणारी माणसं दोनच. एक बायको. दुसऱ्या भांडीवाल्या मावशी.

बायको शाळेत गणित शिकवते. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी वाट्या काढून मोजल्या. सगळ्या जागेवर. इथं साधा माणूस थांबला असता. मी थांबलो नाही, कारण माल मोजून पुरा भरतो तेव्हाच खरी लबाडी वजनात असते, हे माझ्या धंद्याचं पहिलं सूत्र आहे. मावशी जाड वाटी नेऊन तशीच दिसणारी पातळ आणून ठेवत असणार. मी बॅगेतून खात्याचा छोटा तराजू आणि प्रमाणित वजनं काढली, ओट्यावर मांडली आणि एकेक वाटी तोलायला लागलो. एक वाटी बाकीच्यांपेक्षा चांगलीच हलकी निघाली. ती मी रुमालात गुंडाळून पुरावा म्हणून बाजूला ठेवली.

तेवढ्यात मावशी आल्या. मी त्यांच्यावर आरोप वगैरे काही केला नाही. मी फक्त ती वाटी समोर धरून, शक्य तितक्या सौम्य आवाजात, तुम्ही हिला ओळखता का, असं विचारलं. मावशींनी वाटीकडं पाहिलं, तराजूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग ओले हात पुसले आणि म्हणाल्या, "साहेब, इतकी वर्षं तुमची खरकटी काढली. आता तुमची तुम्ही घासा, तोलून घासा." आणि गेल्या. संध्याकाळी मला कळलं की हलकी वाटी बायकोच्या माहेरून आलेल्या वेगळ्या संचातली होती. मावशी का गेल्या असं बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, काय माहीत, हल्ली माणसांना काही बोलायची सोय राहिली नाही. हे तसं खरंच होतं.

नवी बाई मिळेना. भांडी आणि फरशी बायकोच्या गळ्यात पडली. मी मदत केली असती, पण माझा गुडघा सर्वांना माहीतच आहे. त्याबद्दल मी तिला रोज रात्री जेवताना सविस्तर सांगतही होतो.

इकडे बदल्यांचे वारे वाहू लागले. साहेब कॉरिडॉरमध्ये दिसले की माझ्या गुडघ्याकडं आधी बघत आणि तोंडाकडं नंतर. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी तेलाचा घेतला. एका सकाळी नाक दाबून काकूंच्या तेलानं गुडघा माखला, वर बोटभर जाड कापूस दाबला आणि रुंद पट्टीनं गच्च आवळून टाकला. पाय लाकडाचा झाला. वाकेचना. पण जिना उतरलो आणि काय चमत्कार, आवाज नाही! पट्टीत वाकायलाच जागा नव्हती, तर गुडघा वाजणार कुठून? मी जिन्याच्या तळाशी उभा राहून पाय पुढंमागं करून पाहिला. चिडीचूप. इतका आनंद मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

तडक गेलो तो धान्यवाल्याकडं. पठ्ठ्या गिऱ्हाइकाला तांदूळ तोलत होता, चेहऱ्यावर कसलीच चिंता नाही. मी मागून जाऊन उभा राहिलो, त्याला पत्ताच नाही. आता पारड्याचं बूड बघायचं तर उकिडवं बसणं आलं, आणि पट्टीमुळं ते शक्य नव्हतं. क्षणभरच विचार केला आणि मी दुकानाच्या फरशीवर सरळ आडवा झालो. गिऱ्हाईक बाई ओरडल्या की माणूस पडला. कोणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारलं. पण त्या पाण्यातूनही मला पारड्याच्या बुडाला चिकटलेला मेणाचा गोळा स्वच्छ दिसला. "गोळ्याला हात लावू नका," मी फरशीवरून हुकूम सोडला. धान्यवाला गारठलाच. मुद्देमाल जप्त झाला, पंचनामा झाला. फक्त शेवटी मला उठता येईना, आणि बाकी कोणी पुढं होईना, म्हणून मला काखेत हात घालून उभं करायचं काम आरोपीलाच करावं लागलं. तेवढा भाग मी अहवालात घातला नाही.

पण विजय तो विजय. बातमी बायकोला सांगायची म्हणून मी कार्यालयात परत न जाता सरळ घरी निघालो. एक पाय ओढत, मुकाट, जिना चढलो. किल्लीनं दार उघडलं. स्वयंपाकघरात ती फरशीवर बसलेली होती, कपाटाला पाठ टेकून. एक पाय लांब केलेला, शेजारी ओलं फडकं, बादली. डोळे मिटलेले होते आणि खालचा ओठ तिनं दातांत धरला होता. माझ्या बायकोचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

मग तिनं डोळे उघडले, मला बघितलं, आणि क्षणात चेहरा बदलला. ओठ सुटला, हसू आलं, एक हात कपाटाच्या मुठीकडं गेला आणि ती उठायला लागली. ही हालचाल मी ओळखत होतो. तासाभरापूर्वीच धान्यवाल्याचा हात असाच मेणाकडं गेला होता.

"आज तुमचा आवाज नाही आला," ती म्हणाली.

"कधीपासून दुखतोय?" मी विचारलं.

"काय?"

"तुझा गुडघा."

 तिनं मुठीवरचा हात सोडला आणि पुन्हा खाली टेकली. "झाली की दोन-तीन वर्षं," ती म्हणाली. "तुम्ही जिन्यात वाजायला लागलात की मला पुरेसा वेळ मिळायचा. उठायचं, तोंड धुवायचं, सरळ उभं राहायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"घरात एका वेळी एकच गुडघा दुखू शकतो. तुमचा दुखत होता."

 माणसानं निदान ओरडावं, भांडावं. तिनं हे पाढा म्हणावा तसं म्हटलं. मला एकदम भलतंच आठवलं आणि मी विचारलं, "मग ती वाटी?"

"कसली वाटी?"

"ताईंना सांगत होतीस ती. गेली म्हणून."

आधी तिला कळेना. मग कळलं, तशी ती हसायला लागली, आणि हसताना पाय हलला म्हणून कळवळली, आणि तरी हसत राहिली. "अहो, गुडघ्याची वाटी! डॉक्टर म्हणाले, वाटी गेलीय, सांधाच बदलावा लागेल... थांबा, मावशी त्यासाठी गेल्या? तुम्ही त्यांना वाट्या विचारल्या?" मी बचावात म्हटलं की माझ्या गुडघ्यात डॉक्टरांनी गादी सांगितली होती, वाटीचा कुठंही उल्लेख नव्हता. ती डोळे पुसत म्हणाली, "लोकांची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तुमची तिथंही नाही."

मी तिला उठवायला वाकलो. पट्टीमुळं वाकणं जमेना, म्हणून ओट्याला धरून खाली सरकलो, आणि सरकलो तो तिच्या शेजारी फरशीवर बसलोच. आता दोघांनाही उठता येईना. शेवटी मी घशाच्या शिरा ताणून हाक मारली आणि वरून स्टीलमास्तर आले. दारात उभं राहून त्यांनी आम्हा दोघांकडं पाहिलं, विजार झटकली आणि एकेकाला हात देऊन उभं केलं. त्यांचा गुडघा जराही कुरकुरला नाही. 'बघा' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण तो मी पुढं बरेच दिवस ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, येईन, पण तराजू घरात दिसता कामा नये. तो मी त्याच दिवशी कार्यालयात नेऊन ठेवला.

बायको ज्या डॉक्टरांकडं गेली होती ते जुन्या गल्लीतलेच कंजूष डॉक्टर निघाले. मी खवळलो. मला नको म्हणणारा माणूस हिला कर म्हणतो, म्हणजे नक्की पाणी कुठंतरी मुरतंय. बायको म्हणाली, "म्हणूनच मी त्यांच्याकडं गेले. ज्यानं तुम्हाला नको म्हणून परत पाठवलं, तो मला करा म्हणत असेल तर खरंच लागत असेल." तराजू तपासायची इतकी सोपी पद्धत आमच्या खात्याला अजून सुचलेली नाही. ऑपरेशन कधी करायचं ते तिनं ठरवलं होतं, रजा तिनं टाकली होती, माझ्यासाठी काय काय करून ठेवायचं तेही तिनं योजलं होतं. राहिलं होतं फक्त मला सांगायचं, आणि त्याला मुहूर्त मिळत नव्हता, कारण रात्री जेवताना माझाच गुडघा बोलत असे.

ऑपरेशनच्या दिवशी तिच्या पायावर डॉक्टरांनी पेनानं बाण काढला होता. बाण बरोबर पायावर आहे ना हे मी तिला विचारलं, नर्सला विचारलं आणि डॉक्टरांनाही विचारलं. आत नेताना मी म्हटलं, भीती वाटतेय का? ती म्हणाली, छे. माझा विश्वास बसला नाही. पण चाकं फिरली आणि दार मिटलं, आणि बाहेरच्या बाकावर मी एकटा उरलो. तिला काही झालं तर जगात माझ्यावर रागावणारं कोणी राहणार नाही, हे मला तिथं बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

सगळं ठीक झालं. संध्याकाळी भेटायच्या वेळी मी जायचो तर ती उशीला टेकून बसलेली, केस विंचरलेले, चेहरा प्रसन्न. कसं वाटतंय? छान. दुखतंय? नाही हो. नर्स म्हणाली, ह्यांच्यासारखा पेशंट बघितला नाही, दुखण्याचं औषधसुद्धा मागून घेत नाहीत. इतका सरळ तराजू बघितला की माझं डोकं ठणकायला लागतं. मग एका संध्याकाळी लिफ्टमधून उतरताना लक्षात आलं. दवाखान्याचा कॉरिडॉर लांबलचक, फरशी गुळगुळीत, आणि मी त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत कट्, कट् करत येतोय. तिला पुरेसा वेळ मिळत होता.

त्या दिवशी मी पट्टी बांधली नव्हती, तेल घरी होतं. पण लिफ्टपाशी एक चाकाची खुर्ची रिकामी उभी होती. मी तीत बसलो आणि नर्सला म्हटलं, जरा त्या खोलीपर्यंत ढकलता का? तिला मी पेशंट वाटलो असणार, तिनं काही विचारलं नाही. रबराची चाकं, आवाजाचं नाव नाही. दार अर्धवट उघडं होतं. आत माझ्या बायकोनं दोन्ही हातांनी पलंगाचा कठडा गच्च धरला होता, ओठ दातांत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

तिनं मान वळवली. चाकांच्या खुर्चीत बसलेला नवरा बघून तिला काय करावं कळेना. चेहरा सावरायला लागली, पण ह्या वेळी वेळच मिळाला नव्हता.

"सापडलीस," मी म्हणालो.

"दुखतंय हो," ती म्हणाली. "फार दुखतंय."

हा शब्द आमच्या घरात इतकी वर्षं फक्त मी वापरला होता.  नर्सनं धावत जाऊन औषध आणलं. मी खुर्ची पलंगाला लावून तिचा हात धरला. तिनं डोळे पुसले आणि सवयीनं विचारलं, "आणि तुमचा?"

"माझा आज अजिबात दुखत नाही," मी म्हटलं. ते साफ खोटं होतं, आणि मुद्रा उठवलेल्या वजनासारखं तिनं ते खरं मानलं.

माझ्या ऑपरेशनचंही नंतर ठरलं. ती काठी टेकत चालू लागल्यावर मी कंजूष डॉक्टरांकडं गेलो आणि म्हटलं, दुखण्याचं राहू द्या, आवाज तेवढा घालवा. ते म्हणाले, "एवढ्यात नको. आणि आवाजाची हमी कोणी देत नाही. नवा सांधाही कधीकधी वाजतो." मी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मग घरी आलो. माझ्या आयुष्यात हा पहिला माणूस, ज्याचं म्हणणं मी पुन्हा तोलून बघितलं नाही. साहेबांनी धान्यवाल्याचं प्रकरण वर कळवलं, वरून शाबासकी आली, ती साहेबांनी घेतली आणि अभिलेख कक्षाचं नाव तूर्त निघत नाही. मी जमेल तसा व्यायाम करतो. तपासणी आडवं पडून करतो. बाजार मला आता 'झोपलेले साहेब' म्हणतो.

आणि रोज संध्याकाळी घरी आलो की जिन्याच्या तळाशी थांबतो, पिशवीतून काकूंचं तेल काढतो, पट्टी आवळतो आणि चोरपावलांनी वर जातो. धाड म्हणजे धाड, ती अचानकच पडायला हवी. पण दाराला किल्ली लावायच्या आत आतून आवाज येतो.

"वास आला तुमच्या तेलाचा. या. आज जरा दुखतंय मला."

मी पट्टी सोडतो आणि आत जाऊन तिच्या पायापाशी बसतो. बसताना माझा गुडघा वाजतो, पण त्याबद्दल मी काही बोलत नाही. त्याची पाळी अजून यायची आहे.